नाव यादीत नाही: घोडबंदर रोडवरच्या एका संकुलाचं प्रकरण

(संकुल ओळखू येऊ नये म्हणून इमारतींचे आणि माणसांचे तपशील बदलले आहेत, आकडे ढोबळ ठेवले आहेत. कायदे आणि निवडणुकांच्या तारखा मात्र आहेत त्याच.)

पार्श्वभूमी

ठाण्यात माजिवड्यापासून गायमुखापर्यंत घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी वस्ती उभी राहिली, ती बहुतेक बाहेरून आलेली. कुणी गिरगाव-लालबागची खोली विकून आलं, कुणी मुलुंड-भांडुपहून, कुणी जळगाव-नाशिकहून नोकरीपायी. मधेमधे वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही मूळची गावं, आणि येऊरच्या पायथ्याचे पाडे. ओवळा-माजिवडा हा विधानसभा मतदारसंघ याच पट्ट्यातला. लोकसभेला तो ठाण्यात मोडतो.

आपलं संकुल यातलंच एक. सगळ्यात जुनी इमारत पंधरा वर्षांपुढची, सगळ्यात नवी दोन-तीन वर्षांची. मालक जितके, जवळपास तितकेच भाडेकरू. गेटवर अ‍ॅप: पाहुण्याचा फोटो, घरातून परवानगी, मगच आत. टँकरचं पाणी, मेट्रोच्या खांबांनी अरुंद झालेला रस्ता, गायमुखची कोंडी यांवर तक्रार करायला इथली माणसं मागे नाहीत. खड्ड्याचा फोटो काढून तो योग्य त्या खात्याला कसा पाठवायचा, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक.

मतदानाचा प्रसंग मात्र बराच काळ आलाच नव्हता. महापालिकेची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याआधी ऑक्टोबर २०१९ ची विधानसभा. म्हणजे मे २०२४ ची लोकसभा उजाडली तेव्हा इथल्या माणसांनी मतदार यादीत आपलं नाव शोधून साडेचार वर्षं उलटली होती. मधल्या काळात कोविड येऊन गेला. माणसं गेली, घरं विकली, भाडेकरू बदलले, मुलं अठरा वर्षांची झाली. यादी या सगळ्याच्या मागे राहिली.

समस्या

२० मे २०२४, सोमवार. मतदानाचा पाचवा टप्पा, उन्हाचा तडाखा, त्यात जोडून आलेला शनिवार-रविवार. तरी संकुलातून लोक बाहेर पडले. केंद्र जवळच्या शाळेत होतं. अकरा वाजेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप गटावर शाई लावलेल्या बोटांचे फोटो येत होते. मग सूर बदलला. ‘माझं नाव नाही.’ ‘आमचं दोघांचं आहे, आईचं नाही.’ ‘ओळखपत्र हातात आहे तरी परत पाठवलं.’ २०१९ ला ज्या खोलीत मत दिलं त्याच खोलीतून एक वृद्ध जोडपं परत आलं. आजोबांनी फोटो ओळखपत्र दोनदा पुढे केलं. कर्मचारी म्हणाला, ‘काका, कार्ड असून चालत नाही, यादीत नाव लागतं.’ तो म्हणाला ते बरोबरच होतं. कार्ड फक्त ओळख पटवतं, हक्क यादीतल्या नोंदीनं मिळतो.

दुपारपर्यंत गटावर ‘हा कट आहे’ यावर एकमत झालं होतं. कट कुणाचा, यावर मात्र जो तो आपापल्या पक्षाच्या विरोधकाकडे बोट दाखवत होता.

संध्याकाळी काही जण क्लबहाऊसमध्ये जमले. एका कंपनीत कायद्याचं काम पाहणाऱ्या एक ताई, बँकेतून निवृत्त झालेले काका, आयटीतला एक तरुण, कॉलेजात जाणारी एक मुलगी, आणि आपल्या इमारतीतलं प्रत्येक घर ओळखणाऱ्या एक काकू. काकांनी पत्राचा मसुदा केला होता: ‘आमच्या संकुलातील शेकडो मतदारांची नावे जाणीवपूर्वक वगळण्यात आली.’ ताईंनी विचारलं, ‘शेकडो म्हणजे किती? आणि वगळली म्हणताय, तर ती आधी होती का?’

उत्तर कुणाकडेच नव्हतं. पत्र थांबलं.

हा या प्रकरणातला पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. त्या रात्री पत्र गेलं असतं तर दोन दिवस बातमी चालली असती, कार्यालयाकडून ‘चौकशी करू’ असं उत्तर आलं असतं आणि नोव्हेंबरमध्ये हीच माणसं पुन्हा याच दारातून परतली असती.

नेमकं कुठे बिघडलं होतं

यादी सार्वजनिक असते. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून ती भागवार उतरवून घेता येते. पण ती फाइल म्हणजे पानांची चित्रं. त्यात नाव टाइप करून शोधता येत नाही. मग छापील प्रती काढल्या, ओळीवर पट्टी ठेवली आणि एकानं नाव वाचायचं, दुसऱ्यानं घर सांगायचं असं सुरू झालं. काकूंचा इथे जो उपयोग झाला तो कुठल्याही अ‍ॅपचा झाला नसता.

दोन आठवड्यांनी चित्र उलगडलं आणि ते त्या रात्रीच्या पत्रासारखं अजिबात नव्हतं.

ज्यांनी ‘नाव नाही’ म्हटलं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं नाव होतं, पण दुसऱ्या यादी भागात. मतदान केंद्रांची फेररचना झाली की एकाच इमारतीतले लोक दोन भागांत जातात. नवऱ्याचं नाव एका खोलीत, बायकोचं शेजारच्या शाळेत. फोटो ओळखपत्राचा क्रमांक टाकून आयोगाच्या पोर्टलवर किंवा १९५० या मदत क्रमांकावर आदल्या रात्री पाहिलं असतं तर ते सापडलं असतं. काहींनी पाहिलंही होतं, पण नावानं, आणि इंग्रजी स्पेलिंग जुळलं नव्हतं.

दुसरा गट नव्यानं आलेल्यांचा. यांची नावं अजून गिरगावात, मुलुंडात किंवा गावाला. पैकी काहींना ती हलवायचीच नव्हती. ‘मत गावाला ठेवलंय, भाऊबंदकीत कामाला येतं,’ असं एकानं मोकळेपणानं सांगितलं. पण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असायला हवं, आणि तेही जिथे तो सामान्यतः राहतो तिथे. याच कायद्याचं कलम २० सांगतं की केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. गावचं घर आणि ठाण्याचा फ्लॅट, दोन्हीकडे नाव ठेवणं हा सोयीचा व्यवहार वाटतो, कायद्यात तो बसत नाही.

तिसरा गट अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचा. मतदानाचं वय २१ वरून १८ वर येऊन तीन दशकं झाली, पण नाव आपोआप चढत नाही, अर्ज करावा लागतो. आता वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा पूर्ण झाली का ते ज्या तारखेला मोजतात ते दिवस, आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. घरच्यांना यातला फक्त जानेवारीचा माहीत होता, तोही सगळ्यांना नाही.

उरला चौथा गट. ज्यांचं नाव होतं आणि काढलं गेलं होतं. हा सगळ्यात लहान, पण ‘वगळलं’ हा शब्द खरा लागू पडत होता तो यांनाच. परतलेलं ते वृद्ध जोडपं यातलं. यादीत वगळलेल्या नोंदीपुढे कारणाचं एक अक्षर असतं: मृतासाठी ई, स्थलांतरितासाठी एस, दुबार नोंदीसाठी आर. या दोघांपुढे एस होता. आणि ते तर त्याच फ्लॅटमध्ये राहत होते.

कुठे गेले होते ते? कुठेच नाही. हिवाळ्यात दोनेक महिने मुलीकडे बंगळुरूला, इतकंच. त्याच कलम २० मध्ये असंही आहे की तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास तुटत नाही.

मग आयटीतल्या तरुणानं एक गोष्ट केली जी कुणाला सुचली नव्हती. त्यानं सुरक्षा एजन्सीकडून गेटवरची जुनी वही आणि अ‍ॅपच्या नोंदी मागवल्या. त्यात बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बाईंची नोंद होती. एकदा नव्हे, अनेकदा. ‘निवडणूक काम’, आणि शेरा: ‘परवानगी मिळाली नाही’, ‘फ्लॅट उत्तर देत नाही’. बाई शाळेत शिकवतात. दुपारची शाळा सुटल्यावर घरोघर फिरायचं काम. त्या गेटपर्यंत आल्या होत्या आणि संकुलानंच त्यांना परत पाठवलं होतं.

ज्या यंत्रणेनं आपल्याकडे पाहिलं नाही म्हणून क्लबहाऊसमध्ये संताप चालला होता, ती यंत्रणा गेटवर ओटीपीची वाट बघत उभी होती. यानं सरकारी बाजू धुतली जात नाही. दार बंद दिसलं म्हणून माणूस स्थलांतरित झाला असा निष्कर्ष काढणं चूकच. नाव काढण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. १९९५ साली लाल बाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे ठणकावून सांगितलं होतं: ज्याचं नाव यादीत आधीपासून आहे, त्याला ऐकून न घेता ते काढता येत नाही. त्या प्रकरणातल्या नोटिसा मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमध्ये गेल्या होत्या. तीस वर्षांनी तोच प्रश्न स्विमिंग पूल असलेल्या संकुलात आला, एवढाच फरक.

काहींच्या नोटिसा सुरक्षा केबिनमध्ये न उचललेल्या टपालाच्या गठ्ठ्यात सापडल्या. त्या जोडप्याची मात्र कुठेच सापडली नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय न्यायालयाचा. काकांचा जोर यावर होता. ताईंचं म्हणणं असं की कायद्यात अपिलाची वाट आहे, मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुढे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. ती वापरल्याशिवाय उच्च न्यायालय दारात उभं करणार नाही. शिवाय चारातले तीन गट कुठल्याही खटल्यात बसणारे नव्हते.

दुसरा पर्याय आयता चालून आला. एका पक्षाचा स्थानिक कार्यकर्ता म्हणाला, ‘तुम्ही फक्त आधार आणि लाइट बिल द्या, बाकी आपण बघतो.’ माणूस कामाचा होता, खोटं बोलत नव्हता. रेशन कार्डापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत याच वाटेनं कामं होतात. पक्षांना मतदान केंद्रनिहाय प्रतिनिधी नेमता येतो आणि त्याला दिवसाला दहापर्यंत अर्ज बीएलओकडे देता येतात, म्हणजे हा मार्ग नियमातही बसणारा. प्रश्न इतकाच की संपूर्ण संकुलाची कागदपत्रं आणि कुणाचं नाव आहे-नाही याची माहिती एका पक्षाच्या हाती जाणार होती.

तिसरा, सोसायटीनं सगळे अर्ज गोळा करून एकगठ्ठा द्यायचे. बहुतेकांना हाच सोपा वाटला. पण एका व्यक्तीनं किंवा संस्थेनं इतरांच्या वतीनं आणलेले गठ्ठे आयोग घेत नाही. घरातल्या माणसानं घरच्यांचे अर्ज दिले तर चालतात. हा नियम कटकटीचा वाटला तरी शहाणपणाचा आहे. सोसायटी सदस्यांचे गठ्ठे आणू शकते, तर उद्या बिल्डर भाडेकरूंचे आणेल.

चौथा पर्याय सगळ्यात कंटाळवाणा. प्रत्येकानं स्वतःचा अर्ज स्वतः भरायचा, आणि गटानं फक्त कोणाला कोणता नमुना, म्हणजे कोणता फॉर्म, लागतो ते सांगायचं, बीएलओ बाईंना संकुलात बसायला जागा द्यायची आणि पाठपुरावा करायचा.

तीन संध्याकाळी वाद झाला. ठरला चौथा.

काय केलं

सोसायटीच्या समितीनं ठराव केला की निवडणूक कामासाठी आलेल्या बीएलओला गेटवर घरटी परवानगी लागणार नाही, ओळखपत्र पाहून सोडावं. एका परिच्छेदाचा ठराव. पाच वर्षांत या प्रश्नावर संकुलानं केलेलं हे पहिलं काम, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

बाईंना रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये टेबल दिलं. पहिल्या रविवारी त्या थोड्या बिचकल्या होत्या. आरडाओरडा ऐकावा लागेल या तयारीनं आल्या असाव्यात. काकू म्हणाल्या, ‘मॅडम, आधी चहा घ्या, मग आमच्या चुका सांगा.’ त्यांनी सांगितल्या, हातचं न राखता. त्यांच्याकडे दोन यादी भाग होते, कारण दुसऱ्या भागाचं पद रिकामं होतं. त्याच महिन्यात शाळेचे निकालही लावायचे होते. नागरिकांनी सरकारकडून जाब मागावा हे खरं, पण इथे सरकार म्हणजे एक शिक्षिका, एक पिशवी आणि स्वतःच्या रिचार्जवर चालणारा फोन.

नमुन्यांचा घोळ मोठा निघाला. ऑगस्ट २०२२ पासून नमुना ६ फक्त नव्या मतदारासाठी आहे. पत्ता बदलून आलेल्यांनी नमुना ८ भरायचा, मग ते मुलुंडहून आलेले असोत की जळगावहून. बऱ्याच जणांनी आधीच नमुना ६ भरून टाकला होता, त्यात ‘माझं नाव इतर कुठेही नाही’ या घोषणेखाली सही करून. खोट्या घोषणेला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. ताईंनी हे वाचून दाखवल्यावर सभेत जी शांतता पसरली ती पाहण्यासारखी होती, म्हणतात. बहुतेकांनी अज्ञानातून केलं होतं. त्यांनी बाईंना लेखी कळवून जुनी नोंद काढायला अर्ज दिले.

आधार कार्डाच्या प्रतींवरूनही निर्णय घ्यावा लागला. पहिल्या दोन दिवसांत लोकांनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर थेट आधारचे फोटो टाकायला सुरुवात केली होती. कॉलेजच्या मुलीनं गट बंद करायला लावला आणि सगळ्यांना फोटो पुसायला सांगितले. अर्जात आधार क्रमांक देणं ऐच्छिक आहे, पत्त्याला वीज बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो, आणि अर्ज पोर्टलवर स्वतःच्या फोनवरून जातो. मदत हवी त्याच्या शेजारी बसायचं, त्याचा कागद आपल्याकडे ठेवायचा नाही, असं ठरलं आणि बऱ्यापैकी पाळलं गेलं.

कार्यकर्त्याला नाही म्हणणं अवघड होतं. शेवटी सर्व मान्यताप्राप्त पक्षांच्या स्थानिक शाखांना एकच पत्र गेलं: रविवारी बीएलओंसोबत तुमचा अधिकृत प्रतिनिधी बसू शकतो. दोन पक्षांचे आले. बाकीच्यांच्या पत्रांना उत्तरही नाही.

विधानसभेपूर्वीच्या विशेष संक्षिप्त पुनरीक्षणाची, म्हणजे मतदार यादीच्या फेरतपासणीची, प्रारूप यादी ६ ऑगस्ट २०२४ रोजी आली, अंतिम यादी ३० ऑगस्टला. या मधल्या दिवसांत गटानं पुन्हा पट्टी घेऊन यादी तपासली. त्यानंतरही अर्ज चालतात, उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवसांपर्यंत. म्हणजे विधानसभेसाठी १९ ऑक्टोबर. ही तारीख लिफ्टमध्ये चिकटवली होती.

नमुना ७ चा वाद

इथवर सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. भांडण लागलं ते नावं काढण्यावरून.

यादीत मेलेल्या माणसांची नावं होती. विकून गेलेल्यांची तर डझनांनी. काकांनी अशा सगळ्यांची यादी केली आणि नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, आपल्या सहीनं भरायला घेतला. बँकेतली सवय: खातं बंद तर खतावणीतून काढा. हेतू चांगला होता, आणि यादी स्वच्छ असावी हे नागरिकाचंही काम आहे. पण त्या यादीत तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा होता जो जहाजावर असतो आणि वर्षातले सहा-सात महिने घरी नसतो. एक विधवा बाई होत्या, ज्यांच्याकडे देखभाल शुल्काची थकबाकी होती आणि समितीतल्या दोघांचं त्यांच्याशी पटत नव्हतं. त्यांना ‘इथे राहत नाहीत’ म्हणून कुणी लिहायला लावलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ताई उखडल्या. ‘काका, आपल्याला न विचारता नावं काढली म्हणून आपण इथे बसलोय ना?’

तोडगा निघाला तो असा. मृत व्यक्तीचा अर्ज घरच्यांनीच द्यायचा, मृत्यूच्या दाखल्यासह. गेलेल्या कुटुंबांना आधी फोन करून, नव्या पत्त्यावर नमुना ८ भरा म्हणून सांगायचं. तो मंजूर झाला की इथली नोंद आपसूक जाते. ज्यांचा ठावठिकाणा नाही त्यांची फक्त माहिती बाईंना द्यायची, चौकशी करून नोटीस काढणं हे त्यांचं काम, आपण तक्रारदार व्हायचं नाही. आणि एक चांगली सवय लागली: नाव काढण्यासाठी आलेल्या अर्जांची यादी नोंदणी कार्यालय प्रसिद्ध करतं, नमुना १० म्हणून. ती दर आठवड्याला पाहायची. त्यात संकुलातली दोन नावं सापडली, दोन्ही राहती. त्या दोघांनी सात दिवसांत कार्यालयात जाऊन म्हणणं मांडलं आणि नावं वाचली. अर्ज कुणी केला होता ते अर्जावर होतं. त्यावरून इमारतीत दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे.

गेटबाहेरचे मतदार

यादीच्या त्याच भागात शेजारच्या पाड्यातली घरंही होती. संकुलात धुणीभांडी करणाऱ्या, गाड्या धुणाऱ्या, रखवाली करणाऱ्यांची. गटानं त्यांची पानं उलटली होती, पण फक्त आपली नावं शोधताना ओलांडायची म्हणून.

एक दिवस काकूंकडे काम करणाऱ्या मावशींनी विचारलं, ‘ताई, आमचं पण बघा ना त्यात.’ पाहिलं तर मावशींच्या सुनेचं नाव माहेरच्या आडनावानं मोखाड्याला, दिराचं नाव वगळलेलं, आणि सासऱ्यांचं, जे कधीच वारले, अजून तसंच. घर क्रमांकाच्या रकान्यात अख्ख्या पाड्यापुढे शून्य.

इथे गटाचा उत्साह उणावला, हे लिहिलं पाहिजे. रविवारचं टेबल गेटच्या आत होतं. पाड्यातल्या बायकांना आत यायला कुणी हरकत घेतली नाही, पण कुणी बोलावलंही नाही. मुलगी आणि काकू दोन रविवार पाड्यात जाऊन बसल्या. भाडेकरार नाही, वीज बिल दुसऱ्याच्या नावावर. ज्यांच्याकडे पत्त्याचा कागद नाही त्यांच्या बाबतीत बीएलओनं स्वतः घरी येऊन पडताळणी करायची सोय आहे. बाईंनी ती केली, संध्याकाळी सातनंतर, टॉर्च घेऊन.

दरम्यान आयोगानं शहरांतल्या मोठ्या गृहसंकुलांत मतदान केंद्रं काढायचं धोरण आणलं होतं. संकुलानं क्लबहाऊस देऊ केलं आणि ते मंजूर झालं. पाड्याचं केंद्र शाळेतच राहिलं. सगळ्यांना सोयीचं झालं. मला यात थोडं खटकतं. मेच्या रांगेत फ्लॅटवाले आणि पाडेवाले एकामागे एक उभे होते. गरीब-श्रीमंत एका ओळीत अर्धा तास उभे राहण्याची या भागातली ती बहुधा एकमेव जागा होती. पण वातानुकूलित खोलीत दहा मिनिटांत मत देऊन आलेल्या सत्तरीच्या आजींना हे सांगून पाहा.

निष्पत्ती

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला संकुलातून ‘नाव नाही’ म्हणून परतलेले बोटांवर मोजण्याइतके होते. ते वृद्ध जोडपंही मत देऊन आलं. त्यांची नोंद पुन्हा घेतली गेली, पण ती का काढली होती याचं उत्तर मिळालं नाही. माहिती अधिकारात नोटिशीची पोच मागितली होती. उत्तर आलं की प्रत उपलब्ध नाही. अपील करायचं ठरलं, मग दिवाळी आली, आणि राहिलं. काही नवमतदारांचे अर्ज ‘कागद अपुरे’ म्हणून फेटाळले गेले, त्यातले निम्मे नंतर मंजूर झाले. पाड्यातल्या काही जणांची नावं चढली. सुनेचं चढलं, दिराचं नाही.

गाडी खरी अडली महापालिकेला. ठाणे महापालिकेच्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली गेली आणि तीच प्रभागांत विभागून नोव्हेंबरमध्ये प्रारूप म्हणून लावली गेली. या टप्प्यावर राज्य निवडणूक आयोग नवं नाव घेत नाही, फक्त प्रभाग चुकला असेल किंवा लेखनदोष असेल तर दुरुस्त करतो. संकुलाची एक आख्खी विंग शेजारच्या प्रभागात गेली होती. गटानं मुदतीत हरकत घेतली, ती मान्य झाली. पण जुलैनंतर भाड्यानं आलेल्यांना आणि ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेल्यांना १५ जानेवारी २०२६ ला घरीच बसावं लागलं. ३३ प्रभाग, १३१ नगरसेवक, आणि एका मतदाराला बहुतेक प्रभागांत चार मतं. नऊ वर्षांनी आलेली ती संधी एका तारखेच्या फरकानं हुकली.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते तीन ठिकाणी.

नागरिकांच्या बाजूनं, वर्षभराचं काम तीन महिन्यांत कोंबलं गेलं. पुनरीक्षण दरवर्षी होतं, प्रारूप यादी दरवर्षी लागते. देखभाल शुल्काच्या हिशेबाला जेवढा वेळ सोसायटीची वार्षिक सभा देते त्याच्या दहाव्या हिश्शात ती तपासून होईल. विधानसभेनंतर गट विस्कळला, म्हणून जुलै २०२५ ची तारीख कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

सरकारी बाजूनं, नाव वगळताना संदेश जाणं. अर्जदाराचा मोबाइल क्रमांक आता नमुन्यात असतो. गॅस सिलिंडर निघाल्याचा निरोप फोनवर येतो, मताचा हक्क निघून गेल्याचा का येऊ नये, हा आजोबांचा प्रश्न. यादी शोधता येईल अशा स्वरूपात न देण्यामागे माहितीच्या गैरवापराची भीती आहे, ती समजण्यासारखी आहे. पण त्याची किंमत पट्टी घेऊन बसणाऱ्या माणसांनी मोजली, आणि ज्यांच्याकडे पट्टी घेऊन बसायला सवड नाही त्यांनी जास्त.

आणि माहिती अधिकाराचं ते अपील करायला हवं होतं. एका जोडप्याचं नाव परत आलं म्हणून प्रश्न मिटला असं गटानं धरलं. नोटीस दिल्याची पोच जपून ठेवणं कार्यालयाला भाग पडलं असतं तर त्याचा लाभ पाड्यातल्या दिरालाही झाला असता. त्यानं अर्ज पुन्हा केला आहे.

भाडेकरूंचा विषय अजून लोंबकळतो आहे. सोसायटी भाडेकरूकडून पोलिस पडताळणी, करार, वाहन क्रमांक, सगळं मागते. त्याच अर्जावर ‘नमुना ८ भरला का?’ एवढी एक ओळ घालावी असा ठराव काकूंनी सभेपुढे ठेवला आहे. काही मालकांचा विरोध आहे, भाडेकरूचं नाव आपल्या पत्त्यावर चढलं की तो घर सोडणार नाही या भीतीनं. तसं काही होत नाही, मतदार यादीतल्या नोंदीनं घरावर हक्क येत नाही, हे ताईंनी दोनदा समजावलं. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे.